उस्तादाच्या जाकिटातली गांधीलमाशी

बाईच्या हातात बंदूक द्यायला आमच्या पोलीस खात्याला काही वाटत नाही. मोटारसायकल द्यायची म्हटली की मात्र सगळ्यांना नियम आठवतात. बंदूक कपाटात असते. मोटारसायकल रस्त्यावर असते, आणि रस्त्यावर लोक बघतात.

मी वायरलेसवर होते. एक खुर्ची, एक टेबल, कानाला लावायचा तो डबा, आणि समोर खिडकी. खिडकीतून ठाण्याचं आवार दिसायचं आणि आवारात पत्र्याच्या छपराखाली आमच्या गस्ती पथकाच्या चार मोटारसायकली. पांढऱ्या टाक्या, निळे पट्टे, मागे दांडीवर लाल दिवा. रोज सकाळी त्या धडधडत बाहेर पडायच्या आणि मी डब्यात विचारायची, पथक, कुठे आहात? पथक चहा पीत असायचं. चहाच्या टपरीला आमच्याकडे ‘मुख्य चौकातली परिस्थिती’ म्हणतात. परिस्थिती नियंत्रणात आहे, असं उत्तर यायचं, आणि मागून बशीचा आवाज. पथकातल्यांनीच माझं नाव रेडिओ पाडलं. मी ते चालवून घेतलं. माणसाला मूर्ख म्हणण्यापेक्षा रेडिओ म्हटलेलं परवडतं.

मग पथकातल्या मामांची कंबर गेली आणि गाडी राहिली. मामा ठाण्यातले सगळ्यांत जुने, ते घरी बसले, आणि चौथी मोटारसायकल छपराखाली नुसती उभी राहून धूळ खायला लागली. मी खिडकीतून तिच्याकडे बघायची. शेवटी एक दिवस उठले, पथकाच्या प्रमुखापुढे जाऊन उभी राहिले आणि ती गाडी मागितली.

पथकप्रमुखाला सगळं गाव उस्ताद म्हणतं. वरच्या साहेबांपासून टपरीवाल्यापर्यंत. पाठ अशी ताठ, माझ्या नवऱ्याने इस्त्री केल्यासारखी. (नवरा शिंपी आहे, त्याला अशा पाठी आवडतात, कोट चांगला बसतो.) उस्तादाने मला नखशिखान्त बघितलं आणि म्हणाला, गाडी जड असते. मी म्हटलं, ती डोक्यावर घेऊन फिरायची नसते, तिच्यावर बसायचं असतं. त्याने विचारलं, येते का चालवता? मी सांगितलं, नवऱ्याने शिवलेले कपडे गावभर कोण पोचवतं असं वाटतं तुम्हाला, कबुतर? भोंगा खो खो हसला. भोंगा म्हणजे पथकातला दुसरा. याच्या गाडीला सायरन आहे आणि घशातही एक आहे. तिसरा लंबू, तो हसला नाही, कारण उस्ताद हसला नव्हता. लंबूचं सगळं तसंच. उस्ताद शिंकला तर हा रुमाल काढतो.

उस्ताद नाही म्हणाला. त्यानंतर मी दर आठवड्याला विचारत राहिले आणि तो नाही म्हणत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी. मला वाटतं त्यालाही त्याची सवय झाली असावी, एखाद्या आठवड्यात मी विसरले तर तोच खिडकीपाशी येऊन घुटमळायचा.

अशात मंत्री आले. म्हणजे यायचे ठरले. राजधानीतून, आमच्या इस्पितळाच्या नव्या इमारतीची फीत कापायला. इमारतीत अजून खाटा नव्हत्या, पण फीत होती. वरून हुकूम आला की ताफ्यापुढे चार मोटारसायकली पाहिजेत. तीन नाही, चार. साहेबांनी उस्तादाला बोलावलं, उस्तादाने मामांना निरोप धाडला, मामांनी परत निरोप पाठवला की मला खुर्चीतून उठायला दोन माणसं लागतात, ती दोन्ही मोटारसायकलवर मागे बसणार असतील तर येतो.

अडला हरी, म्हणतात ना. उस्ताद माझ्या खिडकीशी आला. एका दिवसापुरती, असं त्याने बजावलं. मी विचारलं, आणि एका दिवसानंतर? तो छपराकडे बघायला लागला. छपराकडे बघणाऱ्याला मी सोडत नाही. एकही चूक दाखवता आली नाही तर गाडी माझी, हे कबूल करून घेतल्याशिवाय मी खुर्चीतून उठणार नाही, असं मी सांगितलं आणि कानाला डबा लावला. शेवटी त्याने मान हलवली. पण अट घातली, आणि ही अट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

“पुढच्याचा लाल दिवा सोडायचा नाही,” उस्ताद म्हणाला. “माझा हात जे सांगेल ते करायचं, डोकं चालवायचं नाही. आणि माझ्या चाकाच्या पुढे तुझं चाक गेलं, की गाडी गेली. कायमची.”

आमच्या पथकाची रीतच ती. उस्ताद सगळ्यांत पुढे, मागे भोंगा, मागे लंबू, मागे मी, एकामागे एक. बोलायचं नाही, मागे वळायचं नाही, रस्ता बघायचा नाही. रस्ता फक्त उस्तादाने बघायचा. बाकीच्यांनी पुढच्याचा दिवा बघायचा आणि उस्तादाचा डावा हात. उजवा मुठीवर अडकलेला असतो, म्हणून सगळी भाषा डाव्या हाताची. हात आडवा, डावीकडे वळा. हात डोक्यावरून पलीकडे, उजवीकडे. हेल्मेटवर थाप, सायरन. मांडीवर थाप, अंतर कमी करा, चिकटून या. हवेत हात खालीवर, हळू. मूठ वर, थांबा. एवढंच. लंबूने तर म्हणे एकदा उस्ताद घरी पंख्याचं बटण चाचपत होता तेव्हा डावीकडे वळून भिंतीवर आपटून घेतलं होतं. हे भोंगा सांगतो, खरं-खोटं तो जाणे. पण मला खोटं वाटत नाही.

मूठ मात्र उस्तादाने कधी वर केलेली कुणी बघितली नव्हती. पाहुणा गाडीत असताना ताफा थांबला तर पट्टा उतरवून ठेवीन, अशी त्याची प्रतिज्ञा होती. पुरुषांच्या प्रतिज्ञा अशाच असतात. बिनकामाच्या आणि इतरांना महागात पडणाऱ्या.

आमच्या घरी या दिवसाची तयारी अशी झाली. नवऱ्याने मामांचं जाकीट उसवलं आणि माझ्या मापाचं केलं. मामांचं पोट त्यातून काढलं तर त्या कापडात आमच्या लेकीचा अख्खा कोट निघाला. लेक खूश. सासूबाई नाखूश. गावाला तमाशा दाखवायचा असेल तर दाखवा, मी काही रस्त्यावर उभी राहून बघणार नाही, मला घरात गाद्या झोडायच्या आहेत, असं त्या म्हणाल्या. सासूबाई रागावल्या की गाद्या झोडतात. आमच्या घरच्या गाद्या फार स्वच्छ आहेत.

मंत्री उशिरा आले हे वेगळं सांगायला नको. आम्ही गावाच्या वेशीवर उन्हात उभे. उस्तादाने जाकीट काढून बाजूच्या झाडाला अडकवलं. आम्हा तिघांना काढायची परवानगी नव्हती. आम्ही उकडत होतो आणि जाकीट झाडावर गार हवा खात होतं. मग लांबून काळी गाडी दिसली, उस्तादाने धावत जाऊन जाकीट चढवलं, गळ्यापर्यंत चेन ओढली, हेल्मेट घातलं, काच खाली पाडली, आणि आम्ही निघालो. पुढे चार मोटारसायकली, मागे मंत्र्यांची काळी गाडी, तिच्यामागे साहेबांची जीप.

काय सांगू तुम्हाला. मी खोटं बोलणार नाही, मला नाचावंसं वाटत होतं. खाली ते इंजिन असं धडधडत होतं की दात वाजत होते. दोन्ही बाजूंना माणसं. ज्या वाण्याने मला कधी मान वर करून बघितलं नाही तो दुकानाच्या पायरीवर उभा, तोंड उघडं. माझ्या शाळेतल्या बाई, ज्या म्हणायच्या ही पोरगी वाया जाणार, त्या छत्री घेऊन उभ्या. मला ओरडून सांगायचं होतं, बघा, वाया गेले. पण मी लंबूच्या लाल दिव्याकडे बघत होते. डोळ्याची पापणीसुद्धा हलवत नव्हते. गाडी माझी व्हायची होती.

इस्पितळ सरळ रस्त्याला, मुख्य चौकातून नाकासमोर. आंधळ्यालाही सापडेल. चौक आला आणि उस्तादाचा डावा हात खाडकन आडवा झाला.

डावीकडे? डावीकडे भाजीबाजार. पण हात गेला तसा उस्तादाचा तोल गेला, तोल गेला तशी गाडी गेली, आणि उस्ताद गेला म्हणून भोंगा गेला, भोंगा गेला म्हणून लंबू. माझं डोकं म्हणालं, अगं, इकडे कुठे. मी डोक्याला म्हटलं, तू गप्प बस, तुला चालवायचं नाही असं ठरलंय. गेले. माझ्यामागे मंत्री गेले. मंत्र्यांच्या मागे जीप, आणि जीपमध्ये आमचे साहेब, ज्यांचा चेहरा मी माझ्या आरशात बघितला. माणसाला पायजम्याची नाडी सुटल्याचं भर सभेत कळावं, तसा.

बाजारात उस्तादाने हेल्मेटवर थाप मारली. भोंग्याने सायरन लावला. उस्तादाने मांडीवर थाप मारली. आम्ही चिकटून गेलो. पुन्हा मांडीवर, पुन्हा, पुन्हा. आता इतके चिकटलो की लंबूच्या मागच्या चाकाची धूळ माझ्या तोंडात. बायका टोपल्या उचलून पळत होत्या, कोबी रस्त्यावर गडगडत होते, एक म्हातारा काठी उंचावून आम्हाला शिव्या देत होता आणि काळ्या गाडीवरचा झेंडा दिसल्यावर तीच काठी खांद्याला लावून सलाम ठोकत होता. मंत्री आत झोपलेले होते म्हणे. सायरनने जागे झाले. मी आरशात बघते तर काच खाली आणि मंत्र्यांचं अर्धं अंग बाहेर. डोक्यावरचे चार केस उभे, तोंडभर हसू. हा माणूस आयुष्यभर सरळ रस्त्याने फिती कापायला गेला असणार. त्याला बाजार कुणी दाखवलाच नसेल.

उस्तादाचा हात डोक्यावरून पलीकडे. उजवीकडे. ही गल्ली धोब्यांची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी. उस्ताद पहिल्या चादरीत शिरला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला, भोंगा चादर घेऊनच बाहेर आला. पांढरी चादर मानेभोवती, मागे फडफडतीये, वर सायरन. लंबू उंच, त्याच्या गळ्यात दोरी आली असती, पण उस्ताद वाकला होता म्हणून तोही वाकला. अनुकरणाचेही फायदे असतात. मी हसायला लागले. हेल्मेटच्या आत हसलं की काचेवर वाफ धरते आणि काही दिसत नाही. मी पुसून पुसून दिवा बघत होते आणि हसत होते आणि घाबरत होते. एक चूक, आणि गाडी गेली.

हात आडवा. डावीकडे. मी बघते तर आमचीच गल्ली.

आमच्या गल्लीत दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागतं. तिथे राज्याचा मंत्री निघाला होता. आणि गल्लीच्या मध्यात, खुर्च्यांवर गादी टाकून, पदर खोचून, हातात वेताचा झोडपा घेऊन सासूबाई. त्या तमाशा बघायला आल्या नव्हत्या म्हणून तमाशा घरी आला होता. उस्ताद त्यांच्या डाव्या अंगाने, भोंगा चादरीसकट उजव्या अंगाने, लंबू पुन्हा डाव्या. मी जवळ आले तेव्हा त्यांनी झोडपा वर उचलला होता. मला वाटलं, आता बसतोय. पण त्यांनी मला बघितलं, मागची काळी गाडी बघितली, गादी एका हाताने ओट्यावर फेकली, खुर्च्या लाथेने सारल्या आणि झोडप्याने वाहतूक पोलिसासारखी वाट दाखवली. मंत्र्यांनी खिडकीतून त्यांना हात केला. सासूबाई त्यांना म्हणाल्या, “सुनेच्या मागोमाग जा, चुकू नका.” हे मला नंतर शेजारणीने सांगितलं. मी पुढे गेले होते. दिवा सोडायचा नव्हता.

आता गल्लीच्या टोकाला उतार लागतो. होड्या पाण्यात सोडायला केलेला, नदीपर्यंत जाणारा. उतार सरळ नाही, आधी एक वळण आहे, केसात घालायच्या आकड्यासारखं. जायचं उजवीकडे, वळून यायचं डावीकडे, आणि मग थेट पाणी. त्या वळणावर आमची रांग दुमडली आणि उस्ताद वळून परत माझ्या शेजारून, हातभर अंतरावरून, उलट्या दिशेने खाली गेला.

तेव्हा मी बघितलं. काचेच्या आतल्या बाजूला गांधीलमाशी. पिवळी, पट्ट्यांची, चांगली बोटाच्या पेराएवढी, उस्तादाच्या नाकावरून डोळ्याकडे चालली होती. एक डोळा आधीच सुजून बंद. दुसरा फिरत होता. झाडावर टांगलेल्या जाकिटात ती घुसली, उस्तादाने चेन गळ्यापर्यंत ओढून तिला कोंडली, आणि तेव्हापासून ती त्याच्या अंगभर हिंडत होती. बाहीत गेली की हात आडवा. मांडीशी आली की मांडीवर थाप. हेल्मेटात शिरली की डोक्यावर. आम्ही गांधीलमाशीच्या हुकमावर बाजार, धोबीगल्ली आणि माझं सासर पालथं घातलं होतं. आणि हा शहाणा थांबत नव्हता. चावून चावून डोळे गेले तरी ताफा थांबवायचा नाही. प्रतिज्ञा.

माझ्यापुढे लंबूचा दिवा. दिव्यापुढे भोंग्याचा. त्यापुढे उस्ताद, दोन्ही हात तोंडावर घेतलेला. त्याच्यापुढे नदी. मागे काळी गाडी उताराला लागलेली, आणि जड गाडी उतारावर लगेच उभी राहत नाही हे पोरासोरांनाही कळतं. दिवा धरला तर गाडी माझी आणि मंत्री पाण्यात. दिवा सोडला तर मंत्री कोरडे आणि मी पुन्हा खुर्चीत, डबा कानाला, परिस्थिती नियंत्रणात आहे.

मी खरं सांगते, मंत्र्यांसाठी मी केलं नाही. मंत्री भिजले असते तर वाळलेही असते. पण भोंगा आणि लंबू पाण्यात गेले असते. पोहता दोघांना येत नाही आणि लंबूला तर सांगितल्याशिवाय हातपायसुद्धा मारता येत नाहीत. मी एक सणसणीत शिवी हासडली, उस्तादाला नाही, त्या गाडीला, जी माझी व्हायची राहिली, आणि मूठ पिळली.

लंबूला मागे टाकलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अंगावरचे कपडे काढलेत. भोंग्याला मागे टाकलं. उताराच्या कडेने, गवतातून, होडीच्या दोरावरून उडत उस्तादाला मागे टाकलं. माझं चाक त्याच्या चाकापुढे गेलं. गेली, मी म्हटलं, गाडी गेली. मी ती आडवी घातली आणि डावी मूठ वर केली.

भोंगा जागच्या जागी थांबला. लंबू त्याच्यावर आदळून थांबला. काळी गाडी किंचाळत थांबली, जीप तिच्या बुडाशी थांबली. मूठ म्हणजे मूठ. कुणाची हे बघायची आमच्याकडे पद्धत नाही.

थांबला नाही तो फक्त उस्ताद. त्याला मूठ दिसलीच नाही. तो माझ्या आडव्या गाडीला वळसा घालून, कसा घातला देव जाणे, हळूहळू, मोठ्या इतमामाने पाण्यात उतरला. आधी पुढचं चाक. मग इंजिन. इंजिनाने एक ढेकर दिली आणि बंद पडलं. गाडी गाळात उभी राहिली आणि उस्ताद तिच्यावर बसून, कमरेपर्यंत पाण्यात, पाठ ताठ. त्याने हेल्मेट काढलं. गांधीलमाशी बाहेर आली, त्याच्या डोक्यावरून एक फेरी मारली आणि निघून गेली. सगळ्यांत आधी मंत्री हसले. मग त्यांचा ड्रायव्हर. मग भोंगा, मानेत चादर घेऊन, रडेपर्यंत. लंबू उस्तादाकडे बघत होता. उस्ताद हसला नाही म्हणून तोही हसला नाही, पण त्याचे खांदे हलत होते, बिचाऱ्याचा ताबा राहिला नव्हता.

उस्ताद चिखलातून वर आला. दोन्ही डोळे बंद, ओठ जांभळासारखा. चाचपत माझ्यासमोर उभा राहिला. तो काय म्हणाला असेल? वाचवलंस, म्हणाला? सोडा.

“तू ओळ मोडलीस,” तो म्हणाला. “गाडी परत दे.”

एका अर्थी मला तो तेव्हा आवडलाच. बुडता बुडता वाचलेला माणूस, तोंडाचा भोपळा झालेला, पण वाकला नाही. दुसऱ्या अर्थी त्याला परत नदीत ढकलावंसं वाटलं. मी किल्ली काढली, त्याच्या तळहातावर ठेवली, हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं आणि होडीवर जाऊन बसले. हाताची घडी.

साहेब जीपमधून उतरले. उशीर होतोय, फीत वाट बघतेय, चला, चला, असं ओरडले. मग विचारलं, पुढे कोण? उस्तादाला दिसत नव्हतं आणि त्याची गाडी मासे बघत होती. साहेबांनी भोंग्याला पुढे व्हायला सांगितलं. भोंगा पुढे झाला, गाडी सुरू केली आणि तसाच उभा राहिला. साहेबांनी विचारलं, आता काय? भोंगा कासावीस होऊन म्हणाला की साहेब, समोर दिवाच नाहीये, मी बघू कशाकडे? इतकी वर्षं तो या गावातून फिरला होता आणि त्याने गाव बघितलंच नव्हतं. लंबूला तर कुणी विचारलंही नाही, तो भोंग्यामागे जाऊन त्याच्या दिव्याकडे बघत तयार बसला होता.

सगळे माझ्याकडे वळले. मी नदीकडे.

साहेब हुकूम देतो म्हणाले. मी म्हटलं, साहेब, हुकूम चालवणाऱ्याला असतो, मी आता पायी आहे, पायी माणसाने ताफ्यापुढे पळायचं का? साहेब समजावू लागले. बाई, आत्ता चालवा, नंतर बघू. मी म्हटलं, नंतर बघू हे मी दर आठवड्याला ऐकते. साहेब उस्तादाकडे वळले. उस्ताद दगड. मंत्री गाडीतून उतरून उतारावर येऊन उभे होते, पोरासारखे, बूट चिखलात. या आमच्या भांडणात त्यांना फितीपेक्षा जास्त रस होता हे स्पष्ट दिसत होतं. ते ड्रायव्हरला म्हणाले, गप्प, ऐकू दे.

“उस्ताद,” मी म्हटलं, “बाप दाखवा नाहीतर श्राद्ध करा. गाडी तुमची असेल तर बसा आणि चालवा. माझी असेल तर सगळ्यांसमोर तसं म्हणा. एका दिवसापुरती नाही.”

“तू ओळ मोडलीस,” तो पुन्हा.

“मोडली. आणि परत असं झालं तर परत मोडीन. ते धरूनच म्हणा.”

पाण्यात उस्तादाच्या गाडीतून एकेक बुडबुडा येत होता. त्याने किल्ली तळहातावर वरखाली केली. मला वाटलं, फेकतो आता नदीत. हा माणूस फेकेलही. त्याने डोळे उघडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग माझा आवाज जिकडून आला होता तिकडे किल्ली धरली.

“तुझी,” तो म्हणाला. ओठामुळे शब्द नीट उमटला नाही.

मी म्हटलं, ऐकू आलं नाही. हा माझा दुष्टपणा होता, पण किती आठवडे मी ‘नाही’ ऐकलं होतं.

“गाडी रेडिओची,” उस्ताद असा ओरडला की पलीकडच्या काठावरची बदकं उडाली. “कायमची. झालं?”

झालं. मी किल्ली घेतली. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. मंत्री धावत गाडीकडे गेले, अर्ध्यातून परत आले आणि मला हळूच विचारलं, बाई, सरळच न्यायला हवं का? मी त्यांना सांगितलं की मधे एक पिठाची गिरणी आहे, तिच्या मागून एक बोळ जातो, गाडी घासेल थोडी. ते म्हणाले, गाडी सरकारची आहे.

उस्ताद तसाच उभा होता. त्याला कुठे जायचं कळत नव्हतं. जीपकडे म्हणून चार पावलं भलत्याच दिशेने गेला. मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला माझ्या मागे बसवलं. जन्मात हा माणूस कुणाच्या मागे बसलेला नव्हता. पाय कुठे ठेवायचे ते माहीत नाही, हात कुठे ठेवायचे ते माहीत नाही, ओला, फुगलेला, मांजरासारखा फिस्कारत होता. मी इंजिन सुरू केलं. समोर लाल दिवा नव्हता. समोर उतार होता, वर गल्ली, गल्लीच्या वर आकाश, आणि मला एकदम इतकं मोठ्याने हसू आलं की मागून उस्तादाने विचारलं, काय झालं?

काही नाही, मी म्हटलं, आणि गाडी सोडली. मागून सायरन, सायरनमागे लंबू, लंबूमागे अर्धा मंत्री खिडकीबाहेर. उस्ताद म्हणाला, हळू. वळणावर पुन्हा म्हणाला, हळू घे. मग त्याने माझा पट्टा पकडला, सोडला, पुन्हा पकडला.

“धरा नीट,” मी म्हटलं. “लाजू नका. पडलात तर मला पुन्हा थांबावं लागेल.”

त्याने दोन्ही हातांनी धरलं.